'रॅम्प : आहे' या रकान्यामागे काय काय तपासायचं

मतदान केंद्राच्या तपासणी तक्त्यात 'रॅम्प' असा एक रकाना असतो. पुढे 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. २०१४ साली निवडणूक शाखेत मी नवी होते, आणि एका शाळेपुढे मी माझ्याच हाताने 'आहे' लिहिलं. खोटं नव्हतं ते. व्हरांड्याला लागून सिमेंटचा उतार होता, एका बाजूला पाइपही होता. मतदानाच्या दिवशी दुपारी क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा फोन आला: खाली डांबरी रस्त्यावर रिक्षात एक बाई तासाभरापासून बसून आहेत, लहानपणी पोलिओ झालेल्या, दोन्ही पायांत बळ नाही. रस्त्यापासून शाळेपर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. माझा रॅम्प पाखाडीच्या वरच्या टोकाला. बाई मत न देता घरी गेल्या.

पायऱ्या मी नंतर जाऊन मोजल्या. त्रेचाळीस.

त्यानंतरच्या निवडणुकांत दिव्यांग सुविधांचा विषय माझ्याच टेबलावर राहिला, थोडा मी मागून घेतला म्हणून आणि बराचसा दुसरं कोणी घेईना म्हणून. आता येत्या मे अखेरीस मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त होतेय. खुर्चीवर जे कोणी येतील त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय. तालुक्याचं नाव मुद्दाम घालत नाही. सिंधुदुर्गातलं आहे, पण रत्नागिरी-रायगडातही फार वेगळं चित्र नसावं.

आधी कायदा, तोही भांडणापुरता

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्यातलं कलम ११ पाठ करून ठेवा: सगळी मतदान केंद्रं दिव्यांगांना सुगम असतील आणि निवडणुकीचं सगळं साहित्य त्यांना समजेल, वापरता येईल असं असेल. याची जबाबदारी भारत निवडणूक आयोगावर आणि राज्य निवडणूक आयोगावरही. 'शक्यतो' हा शब्द त्यात कुठेही नाही. शाखा अभियंता "तात्पुरतं आहे ना मॅडम, चालवून घ्या" म्हणाले की मी हे कलम झेरॉक्स काढून फायलीला लावते. रॅम्पची गोष्ट त्याहून जुनी आहे. २००४ मध्ये दिव्यांग हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी यांच्या गटाने सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, तेव्हा केंद्रांवर लाकडी का होईना, रॅम्प घालण्याचे आदेश निघाले. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे किमान निकष निव्वळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. एवढं पुरे. कायद्याने उतार कमी होत नाही, पण बिल मंजूर व्हायला मदत होते.

यादी

काम रॅम्पपासून सुरू होत नाही, यादीपासून होतं. कोण कुठे राहतं हेच ठाऊक नसेल तर रॅम्प कुणासाठी बांधताय?

मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद नमुना ८ भरून होते. नवीन नाव असेल तर नमुना ६ मध्येच तो रकाना आहे. घरोघर जातात त्या बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी), म्हणजे बहुतेक ठिकाणी अंगणवाडीताई किंवा शाळेतले गुरुजी. त्या दारात उभ्या राहून विचारतात, "घरात कोणी दिव्यांग आहे का?" आतून उत्तर येतं, "नाही हो." लग्नाची मुलगी घरात असते, किंवा म्हाताऱ्या माणसाच्या अधू नजरेला कोणी दिव्यांगत्व मानतच नाही. मी बीएलओंना प्रश्न बदलून दिला: "मतदानाला येताना कोणाला धरून आणावं लागतं का? कोणाला नाव मोठ्याने हाकारावं लागतं का?" या प्रश्नाला लोक खरं बोलतात. एका वाडीत शून्याचे सात झाले.

दुसरी पडताळणी आपल्याच इमारतीत आहे. संजय गांधी निराधार योजनेची शाखा बहुधा तुमच्या शेजारच्याच खोलीत असते आणि लाभार्थ्यांची यादी त्यांच्याकडे गावनिहाय असते. ग्रामपंचायती स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करतात, त्यामुळे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेही नावं असतात. दोन्ही याद्या मतदार यादीशेजारी ठेवा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या २.२१ टक्के लोकांची दिव्यांग म्हणून नोंद झाली होती. हा आकडा जसाच्या तसा प्रत्येक गावाला लागू होणार नाही हे मान्य, पण ९०० मतदारांच्या केंद्रात एकच नाव असेल तर गाव सुदृढ आहे असं समजू नका, बीएलओला परत पाठवा.

ही यादी कार्यकर्त्यांच्या हातात पडू देऊ नका. "आम्ही गाडी पाठवतो" असं प्रेमाने सांगणारे पुष्कळ भेटतात. उमेदवाराने मतदारांना फुकट गाडीने केंद्रावर नेणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे. गाडी आपलीच हवी. सक्षम ॲपवर व्हीलचेअरची मागणी नोंदवता येते खरी, पण आमच्या निम्म्या वाड्यांत रेंज नाही. मागणी बीएलओच्या वहीत आली तरी ती मागणीच धरा.

इमारत बघायला जाताना

जीपमध्ये चार वस्तू घाला: टेप, गवंड्याची पाणसळ, खडू आणि व्हीलचेअर. चौथी सगळ्यांत महत्त्वाची. पाहणी रस्त्यापासून सुरू करायची, जिथे रिक्षा थांबते तिथून. खुर्चीत कोतवालाला बसवा (आमचे कोतवाल ऐंशी किलोचे आहेत, त्यामुळे परीक्षा चांगली होते) आणि थेट मशीन ठेवायच्या टेबलापर्यंत ढकलत न्या. जिथे अडेल तिथे खडूने फुली मारा. परत येतानाही ढकला, कारण चढाला न कळलेली गोष्ट उतरताना कळते. पण कोतवालाला पाय आहेत, अडलं की ते उतरतात. म्हणून गावात खुर्ची वापरणारं कोणी असेल तर त्यांना विचारून बरोबर घ्या. आमच्याकडच्या एका काजू व्यापाऱ्याने दोन मिनिटांत जे दाखवलं ते मला पाच वर्षांत दिसलं नव्हतं: रॅम्प संपतो तिथेच दार बाहेर उघडतं, मग खुर्ची मागे घ्यायची कुठे?

रॅम्पचं माप सोपं आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. व्हरांडा दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट हवा. गवंडी सहा फुटांत उरकतो, कारण त्याच्या डोक्यात मोटरसायकल असते. अठरा फूट जागा नसेल तर मध्ये वळण घ्या, पण वळणावर पाच फूट सपाट जागा ठेवा. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना आधाराचा पाइप. दार तीन फूट मोकळं हवं. जुन्या कौलारू शाळांची दारं दोन फळ्यांची असतात आणि एक फळी वरच्या कडीने कायमची बंद. ती कडी गंजलेली असते, आधीच तेल घालून सोडवा. उंबरे तीन-चार बोटं उंच. सुताराकडून पाचरीसारख्या तिरक्या फळ्या करून घ्या, दोन्ही बाजूंना एकेक. खर्च किरकोळ.

आता आपल्या कोकणाचं खास दुखणं. घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा रॅम्प पावसाळ्यानंतर शेवाळाने काचेसारखा होतो, आणि उत्तरेकडचा असेल तर दिवाळीपर्यंत वाळत नाही. विधानसभेची निवडणूक आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. नवीन काम होत असेल तर ओल्या सिमेंटवर खराट्याच्या आडव्या रेघा मारून घ्या. जुना असेल तर आठ दिवस आधी ब्लीचिंग पावडर आणि तारेचा ब्रश. लोकसभेला उलटं, मे महिन्यात लोखंडी पाइपाला हात लागत नाही. त्यावर सुतळी गुंडाळायची. जांभ्याच्या लाल पायऱ्यांच्या कडा कमी दिसणाऱ्या माणसाला कळत नाहीत, त्यावर दोन इंचांचा पांढरा पट्टा ओढा. हे मला एका मोतीबिंदूवाल्या आजोबांनी शिकवलं, पडून.

मंडपवाल्यावर नजर ठेवा. सावलीचा मंडप घालताना पहिला खांब तो रॅम्पच्या तोंडाशीच रोवतो, कारण तिथे जमीन मऊ असते. आणि मतदार जागृतीचा सेल्फी पॉइंटही रॅम्पवरच सजवतात, कारण तिथे फ्लेक्स छान दिसतो. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी क्षेत्रीय अधिकाऱ्याकडून रॅम्पचा फोटो मागवा, पण रस्त्याकडून काढलेला. शाळेतल्या दिव्यांग मुलांच्या शौचालयाची किल्ली मुख्याध्यापकांकडून आदल्या दिवशीच घ्या आणि आत बघा. मी उघडलेल्या एकात पोषण आहाराची लाकडं रचून ठेवली होती.

पाखाडी आणि खाडी

त्या त्रेचाळीस पायऱ्यांचं काय केलं? केंद्र हलवायचा प्रस्ताव निवडणूक तोंडावर आल्यावर चालत नाही. त्याची वेळ म्हणजे मतदान केंद्रांच्या सुसूत्रीकरणाची. तेव्हा पक्षांच्या प्रतिनिधींची बैठक होते, हरकती येतात, मग मंजुरी वर जाते. आमचा प्रस्ताव वाडीनेच पाडला. "आमची शाळा आमच्या वाडीतच" म्हणाले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी वाट मिळाली ती वरून. शाळेच्या मागे हापूसची बाग आहे आणि आंबे उतरवायला पिकअप थेट गडग्यापर्यंत, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणापर्यंत, येते. बागमालक मुंबईला. त्यांना फोन केला, लेखी संमती घेतली, गडग्याचे चिरे चार फुटांपुरते उतरवून ठेवले आणि मतदानानंतर परत रचून दिले. आता दर निवडणुकीला तेच करतो. २०१९ ला त्या बाई तिथून आल्या, स्वतःच्या तीनचाकीवर बसून. तेव्हा तुमच्या गावातही आधी मागची बाजू बघून या. बांध, बागेचा रस्ता, देवळाची वाट. कोकणातल्या घराला आणि शाळेला मागून वाट असतेच.

वाट कुठूनच नसेल तर चार स्वयंसेवक खुर्ची उचलतात. हा शेवटचा उपाय, आणि आधी त्या माणसाला विचारून. पोत्यासारखं उचललं जाण्यात काय अपमान असतो ते उचलणाऱ्याला कळत नाही. तक्त्यात अशा केंद्रापुढे मी 'सुगम' लिहीत नाही, 'उचलून न्यावे लागते' असं लिहिते. वरच्यांना आवडत नाही.

खाडीपलीकडची वाडी असेल तर पंचांग काढा. ओहोटीला जेटीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ आणि कालवांच्या शिंपल्यांची धार. होडी खाली आणि माणूस वर, मध्ये पुरुषभर अंतर. भरतीला होडीचा काठ जेटीला लागतो. खारव्यांचा, म्हणजे होडीवाल्यांचा, हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं, चतुर्दशी-अमावास्येचा सांधा, उधाणाचे दिवस. म्हणजे भरती साडेदहा ते सव्वाअकराच्या सुमारास. दिव्यांग आणि वृद्ध मतदारांना आम्ही दहाला आणलं आणि पाणी उतरायच्या आत पोचवलं. "दिवसभरात केव्हाही या" असं सांगितलं असतं तर चार वाजता सगळे चिखलात अडकले असते.

घरून मत

लोकसभा-विधानसभेला चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्यांना आणि ८५ वर्षांपुढच्यांना घरून टपाली मत देता येतं. वयाची अट आधी ८० होती, २०२४ मध्ये ८५ झाली. त्यासाठीचा अर्ज, नमुना १२-ड, अधिसूचनेनंतर पाच दिवसांत भरून यायला हवा, त्यामुळे बीएलओंनी फॉर्म आधीच पोचवायचे. एकदा घरचं मत मंजूर झालं की यादीत खूण होते आणि केंद्रावर मत देता येत नाही. हे प्रत्येकाला तोंडी, दोनदा सांगा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या, तिथे हा नमुना नाही. म्हणून तेव्हा केंद्र धड असणं जास्तच गरजेचं.

ही सोय चांगली आहे, पण तिचा मोह आपल्याला पडतो. जेवढे घरी, तेवढी केंद्रावरची कटकट कमी. वरूनही विचारणा होते, किती १२-ड भरले? २०२४ ला मी पाखाडीवाल्या बाईंकडे फॉर्म घेऊन गेले. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि मला परत दिला. "माका थयच जावचा हा, सगळ्यांच्या वांगडा." तिथेच जायचंय, सगळ्यांबरोबर. मी फॉर्मवर 'नको' असं लिहून त्यांची सही घेतली आणि बागमालकाला फोन लावला.

घरी पथक गेलं की गुप्तता पाळायची कशी, हे प्रशिक्षणात नीट सांगत नाहीत. पथकात मतदान अधिकारी, चित्रीकरणवाला, पोलिस, शिवाय उमेदवारांचे प्रतिनिधी. एवढी माणसं पडवीत मावतात, तिथेच थांबवा. पुठ्ठ्याचा आडोसा माजघरात, मतदाराच्या मांडीशी. कॅमेरा पाठीमागून, आडोशाच्या आत कधीच नाही. आणि सुनेला, मुलाला अंगणात पाठवा. "आई, तिसऱ्या नावावर हो" असं स्वयंपाकघरातून ओरडलेलं मी स्वतः ऐकलंय.

मशीनपाशी

मतदान केंद्राध्यक्षांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांचा भाग जेवणानंतर शेवटची वीस मिनिटं असायचा, म्हणजे झोपेत. मी तो सकाळी पहिला घ्यायला लावला आणि शिकवायला एका अंध शिक्षकांना बोलावलं. मशीनला हात लावल्याबरोबर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "टेबल हलतंय." हलणाऱ्या टेबलावर ब्रेल वाचता येत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. टेबलाखाली गुडघे जातील एवढी जागाही बघा. शाळेच्या काही टेबलांना पुढून फळी असते.

बॅलट युनिटवर बटणांच्या शेजारी १ ते १६ आकडे ब्रेलमध्ये आहेत. उमेदवारांची ब्रेलमधली नमुना मतपत्रिका केंद्राध्यक्षाकडे असते. मतदाराने ती आधी वाचायची, क्रमांक लक्षात ठेवायचा आणि मग मशीनकडे जायचं. ती पाकिटातच राहते, म्हणून सकाळी सातच्या आत टेबलावर काढून ठेवायला सांगा. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मोठा आवाज त्यानंतर येतो. अंध माणसाला ही सात सेकंदं फार लांब वाटतात. काही झालं नाही असं समजून तो पुन्हा पुन्हा दाबतो, घाबरतो. आधीच सांगा: "एकदा दाबा, मनात दहा मोजा, आवाज येईल." ऐकू न येणाऱ्याला आवाजाचा उपयोग नाही, त्याला बटणाशेजारचा लाल दिवा दाखवून ठेवायचा. उतारवयात नजर गेलेल्या बहुतेकांना ब्रेल येत नाही, त्यांच्यापुढे ती पत्रिका सरकवून आपण सुटलो असं समजू नये.

सोबती हवा असेल तर नियम ४९-न. सोबती अठरा वर्षांपुढचा, दिवसभरात एकाच मतदारासाठी, मत गुप्त ठेवण्याचं प्रतिज्ञापत्र देणारा, आणि नोंद नमुना १४-अ मध्ये. मतदान कर्मचारी सोबती होऊ शकत नाही, कितीही कनवाळू असला तरी. सोबती निवडायचा मतदाराने. म्हणून प्रश्न मतदाराला विचारा, त्याच्या तोंडाकडे बघून: "तुम्ही एकटे देणार की कोणाला बरोबर घेणार?" मुलगा हात धरून उभा असला तरी. एका आजींनी या प्रश्नावर मुलाला बाहेर थांबवून पुतणीला हाक मारली होती.

दोन वाद हमखास होतात. एक, कोणीतरी प्रतिनिधी म्हणतो की अमका वेडसर आहे, त्याला मत कसं? सक्षम न्यायालयाने तसं ठरवल्याशिवाय कोणी अपात्र होत नाही. नाव यादीत आहे, ओळख पटली, विषय संपला. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्रही ओळखीला चालतं. दुसरा, शाईचा. डाव्या हाताची तर्जनी नसेल तर डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट, तीही नसतील तर उजव्या हाताचं, आणि बोटंच नसतील तर हाताचं जे टोक आहे त्यावर. कुष्ठरोगातून बरे झालेले एक काका दरवेळी हसत हात पुढे करायचे आणि नवा कर्मचारी दरवेळी गोंधळायचा.

नंतर

मतदान झाल्यावर आठ दिवसांत, लोक विसरायच्या आत, बीएलओंकडून दोन गोष्टी मागवा: यादीत दिव्यांग म्हणून नोंद असलेल्यांपैकी किती आले, आणि जे आले नाहीत ते का नाही आले. दुसऱ्या रकान्यात 'आजारी' असं साचेबंद उत्तर आलं तर चार-पाच घरी स्वतः जा. एकदा 'आजारी' याचा अर्थ 'साकवाची (ओढ्यावरच्या छोट्या पुलाची) फळी तुटली' असा निघाला. दुरुस्तीची पत्रं जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतींना तेव्हाच पाठवा, निवडणूक जाहीर झाल्यावर नाही. पक्का रॅम्प झाला तर तो शाळेतल्या मुलांना रोज उपयोगी पडतो, हे पत्रात पहिल्या ओळीत घाला. फाइल लवकर हलते.

खुर्च्या ग्रामीण रुग्णालयातून आणि ग्रामपंचायतींकडून उसन्या येतात. परत द्यायच्या आधी गोड्या पाण्याने धुवा, किनाऱ्यावरच्या केंद्रांतल्या तर नक्की. पुढच्या छोट्या चाकांत वाळू बसते आणि खाऱ्या हवेने ब्रेक आठवड्यात गंजून अडकतात. ग्रीसचा डबा गोदामात डावीकडे, जुन्या मतपेट्यांच्या मागे आहे. आपल्या स्वतःच्या सहा खुर्च्या तिथेच टांगून ठेवल्यात, टायर जमिनीला लागू देऊ नका. चार नंबरच्या खुर्चीचं पायटेकण सैल आहे, वेल्डरला दाखवायचं राहिलंय. तिरक्या फळ्या गोणपाटात बांधून ठेवल्यात, प्रत्येकीवर शाळेचं नाव तेलरंगाने लिहिलंय. बागमालकाचा नंबर रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आहे. त्यांना फोन रात्री आठनंतर करा, आणि गडगा परत रचताना मोठे चिरे खाली लावा.